साडेतेरा हजार फुटांवर लागलेलं ऊन

हिमालयात माणसाला स्वतःची खरी उंची कळते, असं म्हणतात. हे खरं आहे. ती निघण्याच्या तीन आठवडे आधी फॉर्मवर सेंटीमीटरमध्ये लिहून द्यावी लागते, वजनाच्या वरच्या रकान्यात.

त्याच फॉर्मवर पुढे एक प्रश्न होता : यापूर्वी उंचावर चालण्याचा अनुभव आहे का? हेमराजने ‘आहे’ लिहिलं.

“कुठला?” मी विचारलं.

“पचमढी.”

“तिथे आपण जीपने गेलो होतो.”

“पन उंच तं होतं ना मास्तर.”

हेमराज माझा शाळेपासूनचा मित्र. अर्जुनी मोरगावला त्याची धानाची शेती आहे आणि एक लहानशी राइस मिल. मी तिथल्याच कनिष्ठ महाविद्यालयात भूगोल शिकवतो. बावीस वर्षं मुलांना हिमालयाच्या रांगा शिकवल्या, उंचीबरोबर हवेचा दाब कसा घटतो तेही शिकवलं, आणि हे सगळं समुद्रसपाटीपासून हजार फुटांच्याही आत उभं राहून. त्यामुळे हेमराजने एका ट्रेकची जाहिरात दाखवून “चालतो का?” असं विचारलं, तेव्हा नाही म्हणायला तोंड नव्हतं.

आम्ही ज्या खिंडीकडे निघालो तिचं नाव सांगत नाही. ती उत्तराखंडात आहे, पंधरा हजार फुटांच्या वर आहे, आणि जाहिरातीत तिच्या नावापुढे ‘अवघड’ असं लिहिलेलं होतं. आम्ही ते कौतुक समजलो. तुमच्याही मोबाइलमध्ये अशी एखादी जाहिरात उघडून ठेवलेली असेल आणि याआधी तुम्ही फार तर एखादा किल्ला चढला असाल, तर पुढचं वाचा. मग जायचं तर जा.

सालेकसा

तयारीसाठी आम्ही मे महिन्यात हेमराजच्या सासुरवाडीला, सालेकशाला जाऊन राहिलो. अर्जुनीत चढायला पाण्याच्या टाकीचा जिना सोडला तर काही नाही. सालेकशाकडे निदान डोंगऱ्या आहेत.

पहाटे उजाडायच्या आत आम्ही जंगलात शिरायचो. त्या वेळी तिथे बिडीसाठी तेंदूपानं तोडणाऱ्या बायका असतात. त्या दिसत नाहीत, ऐकू येतात. पाचोळ्यावर पावलं, पान तुटल्याचा बारीक आवाज, कुठेतरी कोणाचं तरी पोवारीत बोलणं, कोणाचं छत्तीसगढीत हसणं. मग झाडांमधून राखाडी उजेड झिरपायला लागतो आणि ते आवाज हळूहळू माणसं होतात. त्या अर्ध्या तासासाठी मी अजूनही दहा हिमालय सोडायला तयार आहे. पण अर्ध्या तासासाठी कोणी फॉर्म भरून घेत नाही.

फुलनबाई नावाची साठीची एक बाई रोज भेटायची. हेमराज गावचा जावई, म्हणून तिला त्याला बोलायचा हक्क होता.

“काय जी जवाईबापू, पानं नाही तोडत, मंग हिंडून कायले राहिले?”

“हिमालयात जायचं आहे बाई. सराव चालू आहे.”

“तिथं कोन्या ठेकेदाराचं पान आहे?”

“पान नाही. बरफ आहे.”

“मंग घरी बसा. ऊन चढून राहिलं.”

एवढं बोलून ती डोक्यावर गाठोडं घेऊन अशा वेगाने निघायची की मागे आम्हाला फक्त हलणाऱ्या फांद्या दिसायच्या. आमच्याकडे मे महिन्यात कष्टाचं काम एकाच नियमाने चालतं : जे करायचं ते ऊन तापायच्या आत. नऊ-दहानंतर बाहेर राहतो तो एकतर नाइलाजाने किंवा पुण्याचा पाहुणा म्हणून. हेमराजने फुलनबाईला गाठायचं ठरवलं आणि तिसऱ्या आठवड्यात गाठलंही. पाठीवर धानाचं अर्धं पोतं, कपाळावर ओला दुपट्टा, ऊन लागू नये म्हणून खिशात पांढरा कांदा. तो डोंगरी चढून साडेआठला घरी परत असायचा. मी साडेनऊला.

सपाट मुलखातल्या माणसाने असा सराव करावा. ओझं घेऊन करावा आणि उतरण्याचाही करावा, कारण गुडघे उतरताना जातात. पण त्याने पाय तयार होतात. कमी हवेत आतलं शरीर कसं वागेल, हे सालेकशात कळायला मार्ग नाही. ते पचमढीतही कळत नाही. म्हणून पहिल्यांदा जाणाऱ्याने आधी दहा-अकरा हजार फुटांचं काहीतरी सोपं करून यावं. हे आम्हालाही एकाने सांगितलं होतं. आम्ही त्याला भित्रा म्हणालो.

निघायच्या आदल्या दिवशी अर्जुनीच्या बसस्टँडवर फ्लेक्स लागला. ‘हिमालयवीर’ असं वर, खाली गॉगल घातलेला हेमराज, त्याच्या कोपराजवळ पासपोर्ट आकाराचा मी आणि मागे बर्फाचं सुळक्यासारखं शिखर. शिखर स्वित्झर्लंडमधलं होतं. परतल्यावर सत्काराचंही ठरलं होतं. आम्ही अजून गाडीतही बसलो नव्हतो.

बुग्याल

गोंदियाहून दिल्ली आणि तिथून पुढचा प्रवास मी वगळतो. त्यात फक्त बसणं आहे.

चालणं सुरू झालं ते साडेसहा हजार फुटांवरच्या एका गावातून. आमच्यासोबत आणखी बारा जण होते, बहुतेक पुण्या-बंगळुरूचे, आमच्यापेक्षा वीस-पंचवीस वर्षांनी लहान. त्यांतली सायली नावाची पुण्याची इंजिनिअर मुलगी आम्हाला काका म्हणायची. आमचा गाईड बलबीर, पस्तिशीचा गढवाली, कमी बोलणारा. पहिल्या दिवशी त्याने एकच भाषण केलं. “यहाँ कोई रेस नहीं है. सिर दुखे तो छुपाना नहीं. बस.” इतकं छोटं भाषण मी आयुष्यात ऐकलं नव्हतं, आणि मी बावीस वर्षं स्वातंत्र्यदिनाला मैदानात उभा राहतो आहे.

दुसऱ्या दिवशी जंगल संपलं. शेवटच्या बुटक्या झाडांमधून बाहेर पडलो आणि समोर नुसतं गवत होतं. वर, खाली, आकाशापर्यंत. तिकडे त्याला बुग्याल म्हणतात. लहान पिवळी फुलं इतकी होती की पाय कुठे ठेवावा कळेना. ढग आमच्या खालून येत होते, अंगावरून जात होते, आणि गेले की जग पुन्हा धुऊन ठेवल्यासारखं दिसत होतं. घोड्यांच्या गळ्यातल्या घंटा कुठून वाजत होत्या ते शेवटपर्यंत समजलं नाही. मी चार पावलं टाकायचो, थांबायचो, आणि थांबल्याचं मला वाईट वाटत नव्हतं. विरळ हवेत माणसाला सगळं थोडं उशिरा कळतं, स्वतःची दमणूकसुद्धा. स्वप्नात चालतो तसं चालत होतो.

हेमराज स्वप्नात नव्हता. तो पहाटे साडेपाचला बूट घालून तयार असायचा आणि दहाच्या आत पुढच्या कॅम्पवर.

“काका, हळू चला ना,” सायली म्हणायची. “बलबीर भैयांनी सांगितलंय.”

“पोरी, ऊन चढलं म्हंजे?”

“इथे कुठे ऊन आहे? सात डिग्री आहे.”

“आज आहे. उद्याचं कोन सांगते?”

बलबीर त्याला मागून हाका मारायचा आणि हेमराज वरून हात हलवायचा. मला त्याचा हेवा वाटत होता, हे कबूल करतो. मागून येणाऱ्या शहरी मुलांसमोर आमच्या जिल्ह्याची लाज तो एकटा राखत होता.

जेवायला भात असायचा. त्या उंचीवर पाणी लवकर उकळतं, त्यामुळे उघड्या भांड्यात भात शिजत नाही. स्वयंपाकी कुकरच्या पाच-सहा शिट्ट्या करायचा. हेमराज पहिला घास नाकाशी नेऊन सांगायचा, “दोन वर्सं जुना तांदूळ. मिलवाल्यानं पॉलिश जास्त मारली.” मग तीन वेळा घ्यायचा. आमच्याकडे पोळी हे खाणं आहे, जेवण भाताचं.

वरचा कॅम्प

चौथ्या दिवशी साडेतेरा हजार फुटांवर पोहोचलो. तिथे गवत नाही. दगड, बर्फाचे मळके पट्टे, आणि एक शांतता जी कानावर हात ठेवल्यासारखी वाटते. एक दिवस तिथेच थांबून सहाव्या दिवशी खिंड ओलांडायची होती.

मी पोहोचलो तेव्हा हेमराज तंबूत डोळ्यांवर दुपट्टा घेऊन पडला होता.

“डोकं फुटून राहिलं, मास्तर.”

“आणि?”

“मळमळून राहिलं. जेवन नको सांगू.”

त्याने भात नको म्हणावं, एवढं पुरायला हवं होतं. पण तो पुढे म्हणाला, “ऊन लागलं मले,” आणि मला ते पटलं.

पटण्यासारखंच होतं. डोकेदुखी, मळमळ, गरगरणं, जिभेला चव नाही. विदर्भात लहान पोरालाही या चार गोष्टी सांगा, ते म्हणेल, ऊन लागलं. बर्फावरून परतणाऱ्या उन्हाने आमचे चेहरे भाजलेही होते. हेमराजने पिशवीतून पांढरा कांदा काढला. मी तो दगडावर ठेचला, त्याचे मोजे काढले आणि तळपायांना रस चोळला. मग त्याच्या बायकोने, शोभावहिनीने, दिलेली कैरीची पूड पाण्यात कालवून पन्हं पाजलं. बाहेर बर्फ होता. बावीस वर्षं हवेच्या दाबाचा धडा शिकवणारा माणूस साडेतेरा हजार फुटांवर मित्राच्या पायाला कांदा चोळत होता, आणि त्याला त्यात काहीही चुकीचं वाटत नव्हतं.

संध्याकाळी बलबीर बोटाला लावून ऑक्सिजन मोजायचं ते यंत्र घेऊन तंबूतंबूंतून फिरायचा. कोरोनात ते सगळ्यांच्या घरी आलं होतं, आता कपाटात असेल. त्याने तंबूची चेन थोडी उघडून ते माझ्या हातात दिलं आणि बाहेर वही घेऊन उभा राहिला. मी माझा आकडा सांगितला, चौऱ्याऐंशी. हेमराजचा पाहिला. सहासष्ट.

हेमराजने माझं मनगट धरलं. त्याचा हात थंड होता.

“थो मले खाली धाडते, मास्तर.”

“धाडू दे ना मग.”

“बसस्टँडवर मी टांगून आहो. कोन्या तोंडानं जाऊ?”

“अरे, जीव...”

“ऊन तं लागलं. सकाळी उतरते. आजवर उतरलं नाही का?”

बाहेरून आवाज आला, “दादा का कितना?”

मी यंत्र पुन्हा माझ्या बोटाला लावलं, आणि ब्याऐंशी दाखवताच तेवढं सांगितलं.

या लेखातला सल्ल्याचा भाग इथेच आहे, बाकीचा वाचला नाही तरी चालेल. मित्राच्या जागी स्वतःचं बोट देऊ नका. वर डोकं दुखलं तर ते उंचीमुळे दुखतं आहे असंच धरा, दुसरं काही निघालं तर आनंद मानता येतो. दुखणं गाईडला त्याच क्षणी सांगा, आणि ते थांबेपर्यंत एक फूटही वर जाऊ नका. औषधं काय घ्यायची ते घरूनच डॉक्टरला विचारून निघा. शेजाऱ्याला नव्हे आणि मला तर नव्हेच. आणि निघण्यापूर्वी कोणाला सांगू नका की चाललो आहोत. माणसं कळपाने शुभेच्छा देतात, उतरताना एकट्याला त्या वाहून आणाव्या लागतात.

दहा पावलं

सकाळी तंबू आतून निळा झाला होता. हेमराज उठून बसला होता आणि बुटाची नाडी बांधत होता. बराच वेळ बांधत होता. मी पाहिलं तर तो एका बुटाची नाडी दुसऱ्या बुटाला बांधत होता, आणि अगदी शांतपणे.

मी बाहेर गेलो आणि बलबीरला सांगितलं. बोटाचंही सांगितलं. त्याने माझ्याकडे पाहिलं. रागावला असता तर बरं झालं असतं. “गुरुजी, आप तो पढ़ाते हो,” एवढंच म्हणाला.

हेमराज उतरायला तयार नव्हता. चेहरा सुजला होता, पण जीभ शाबूत होती. “काऊन उतरू? चालता येते मले. चालून दाखवू?”

“दिखाओ,” बलबीर म्हणाला.

त्याने तंबूची दोरी सोडून जमिनीवर सरळ टाकली. दहा पावलं लांब. टाचेपुढे टाच ठेवत दोरीवरून चालायचं, बस.

हेमराज हसला. त्याचं हसणं मला समजलं. आमच्याकडे धानाच्या बांध्या असतात, पाण्याने भरलेली शेतं, आणि दोन बांध्यांमध्ये मातीचा धुरा. धुरा हातभर रुंद असतो, पावसात साबणासारखा. हेमराज सात वर्षांचा असल्यापासून त्यावरून चालतो आहे, डोक्यावर रोपांची पेंढी घेऊन, अंधारात, एकदा तर चुलत्याला पाठीवर घेऊन, कारण चुलत्याला साप चावला होता. दोरीवरून दहा पावलं हा त्याला अपमान वाटला असणार.

पहिलं पाऊल बरोबर पडलं. दुसरं दोरीच्या डावीकडे. तिसऱ्याला त्याने दोन्ही हात पसरले, जसं पाण्यात पडता पडता पसरतो, आणि गुडघ्यावर बसला. पुन्हा उठला, पुन्हा पहिल्यापासून. या वेळी दोन पावलं.

पुण्याची मुलं हातात चहाचे कप घेऊन उभी होती. वर खिंडीची दगडी खाच उन्हात आली होती, इतकी जवळ की हात लावावा. हेमराज बर्फात बसून त्या दोरीकडे पाहत राहिला. मग माझ्याकडे न बघता म्हणाला, “मास्तर, धुऱ्यावरून पडलो मी.”

“हो.”

“हे ऊन नाही.”

“नाही.”

“चल मंग.”

खाली

उतरण्याचा तो दिवस मला सलग आठवत नाही. हेमराजच्या तोंडावर ऑक्सिजनचा मास्क, दोन्ही बाजूंना दोन पोर्टर, बलबीर समोर उलटा चालतोय आणि त्याच्याशी सतत बोलतोय : नाम बताओ, गाँव बताओ, धान कितने दिन में पकता है? हेमराज वाक्याच्या मधेच थांबायचा. अर्जुनी, म्हणायचा, आणि मग काहीच नाही. मी मागून त्याचे पाय पाहत होतो. एवढं लक्ष देऊन मी कोणाचेच पाय पाहिले नव्हते. डावा, उजवा, डावा. ढग येऊन त्याला गिळायचा आणि मी ओरडायचो, “हेमराज!” आणि ढगातून उत्तर नाही आलं की माझं उरलेलं आयुष्य त्या पांढऱ्यात मला दिसायचं. शोभावहिनीच्या दारात उभा राहिलेला मी. मग मास्कमधून आवाज यायचा, “आहो ना बे.”

हळूहळू दगडांमध्ये गवत दिसायला लागलं. मग एक पिवळं फूल. ‘धान किती दिवसांत पिकतं’ याचं उत्तर साडेअकरा हजार फुटांच्या आसपास आलं. हेमराज थांबला, मास्क बाजूला केला आणि बलबीरला म्हणाला, “कौनसा धान? हलका की भारी? ऐसा सवाल पूछता है क्या कोई?”

बलबीर तिथेच दगडावर बसला. त्याला पहिल्यांदाच हसताना पाहिलं. तो वर मुलांसोबत थांबलेल्या दुसऱ्या गाईडला गाठायला परत गेला आणि आम्ही पोर्टरांसोबत आणखी खाली उतरलो.

दुसऱ्या दिवशी त्या पहिल्या गावात पोहोचलो. तिथल्या दवाखान्यातल्या डॉक्टरने तपासून सांगितलं की आणखी एक रात्र वर काढली असती तर मला एकट्यालाच उतरावं लागलं असतं. उपचार काय केला, असं त्याने विचारलं. कांद्याचं मी सांगितलं नाही.

मग हेमराजने घरी फोन लावला. स्पीकर चालू होता.

“नाही झालं गे,” तो म्हणाला. “अर्ध्यातून उतरलो.”

शोभावहिनींनी एवढंच विचारलं, “भात खाल्ला का?”

“खाल्ला. दोनदा.”

“मंग ठीक. या. धानाचे पऱ्हे टाकाची बांधी नांगरायची राहिली.”

तो फ्लेक्सबद्दल विचारणार होता. विचारलं नाही.

बाकीचे परत येईपर्यंत आम्ही गावात थांबलो. डोंगराच्या उतारावर पायऱ्यांसारखी भातशेती आहे, एकेक बांधी आमच्या अंगणाएवढी. रोवणी चालू होती. ते तिला रोपणी म्हणतात. प्रत्येक पायरीत पाणी साचलेलं आणि प्रत्येक पाण्यात आकाशाचा वेगळा तुकडा, कुठे ढग, कुठे नुसता निळा, सगळ्यात खालच्या पायरीत एक घार. एक म्हातारी वाकून रोपं लावत होती. हेमराज थोडा वेळ काठावर उभा राहिला, मग पँट गुडघ्यापर्यंत दुमडून आत उतरला. म्हातारीने त्याच्याकडे पाहिलं आणि रोपांची एक जुडी सरकवली. दोघं शेजारी शेजारी मागे सरकत लावत गेले. संध्याकाळी ती त्याला म्हणाली की त्याची ओळ बरी आहे, पण रोपं फार जवळ लावतो. हेमराज यावर पुढचा दिवसभर विचार करत होता.

तिसऱ्या दिवशी दुपारी ग्रुप आला. चेहरे काळे पडलेले, ओठ फुटलेले, सगळे एकदम बोलत होते. हेमराजने सायलीला बसायला जागा दिली, पाणी दिलं, आणि जे विचारायचं होतं ते खूप वेळ विचारलं नाही.

“झाली का खिंड?” शेवटी त्याने विचारलं.

“झाली काका.”

“कशी होती?”

तिने मोबाइल पुढे केला. फोटो पांढरा होता. पुढचाही पांढरा. तिसऱ्यात खालच्या कोपऱ्यात एक लाल हातमोजा होता.

“ढग होता,” ती म्हणाली. “दहा मिनिटं थांबलो. हा हातमोजा माझा नाहीये.”